निंदणाच्या दिवसांतला कोरडा देश

सायकली दिसायला लागल्या की समजायचं, इथला कोरडा मोसम आला. मागच्या कॅरिअरवर आडवी बांधलेली कापसाची पोती, एकावर एक, माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेली. माणूस सायकल चालवत नाहीच, हँडल धरून पायी ढकलत आणतो. आमच्या जिनिंगच्या फाटकापासून पार त्या गोरखचिंचेच्या झाडापर्यंत रांग लागते. झाडावर एक पान नसतं, आभाळात एक ढग नसतो. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी नाकात धूळ आणि रुई दोन्ही बसतात. हा जून महिना आहे, हे मला दर वर्षी स्वतःला नव्यानं सांगावं लागतं.

जून म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच येतं. आमचं गाव घाटंजीजवळ. वखरून तयार ठेवलेलं काळं वावर, त्यावर ताणलेली दोरी, कमरेला सरकीची थैली खोचून वाकलेल्या बाया. तिकडे टोबायचे, म्हणजे सरकी लावायचे दिवस आणि इकडे वेचून झालेला कापूस काट्यावर. मी टांझानियातल्या या जिनिंगमध्ये फिटर म्हणून आलो, त्या पहिल्या वर्षी फोनवर मायला हे सांगितलं. माझी माय दुसऱ्यांच्या वावरात टोबायला, निंदायला, वेचायला जाऊन जन्म काढलेली बाई. ती म्हणाली, "म्हंजे आमी टोबतो तवा थे येचते? मंग थे लोकं दिवाळीले काय करते बाप्पा?"

मी एवढंच सांगितलं, दिवाळीनंतर इथं टोबणी असते.

इथं मी आलो तो अजीज मिस्त्रींमुळे. बाबा गेले त्या वर्षी मी नववीत होतो. शाळा सुटली, आणि घाटंजीच्या जिनिंगमध्ये मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. रोलरला चामडं कसं चढवायचं, पात्याची धार बोटानं नव्हे तर आवाजानं कशी ओळखायची, हे त्यांनी शिकवलं. पुढे कापसाचे वाईट दिवस आले. आमच्या भागातली एकेक जिनिंग बंद पडत गेली, आमचीही पडली. फाटकाच्या साखळीला गंज चढला आणि आवारात बकऱ्या चरायला लागल्या. मिस्त्रींना आफ्रिकेतून बोलावणं आलं तेव्हा ते म्हणाले, "मी एकटा नाही जाणार. माझा पोरगा संगं पाह्यजे." मी त्यांचा पोरगा नव्हतो. तेवढ्या एका वाक्यावर माझं घर आजवर चाललं आहे. रोज पहिला पट्टा फिरला की मी मनातल्या मनात त्यांना सलाम करतो. ही सवय अशी लागलीय की एखाद्या दिवशी राहिली तर दिवसभर मशीन बिघडेल अशी धास्ती वाटते.

धास्तीचं म्हणाल तर तो माझा स्वभावच. घरून फोन आला तरी धास्ती, नाही आला तरी. म्हणून आम्ही घरच्या घरी एक रीत पाडली होती. माझ्या बायकोकडे, कुंदाकडे, घरातला एकुलता मोबाईल असायचा. तिनं एकदा घंटी वाजवून बंद केली की सगळं बरं आहे. दोनदा वाजवली की मी उलट फोन करायचा. एका घंटीनंतरचे ते काही क्षण, दुसरी वाजते की नाही याची वाट पाहण्याचे, मला अजून पाठ आहेत.

त्या वर्षांमध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव बातम्यांत यायचं ते एकाच कारणानं. एकदा मेसमधल्या टीव्हीवर हिंदी बातम्या लागल्या होत्या आणि यवतमाळचं नाव आलं. एक वावर दाखवलं, एक रिकामी खाट दाखवली. जेवणारे सगळे माझ्याकडे पाहायला लागले. कुणीतरी विचारलं, तुझंच का रे हे गाव. मी म्हटलं, नाही, जिल्हा माझा. आणि पानावरून उठलो. वावर कुणाचं होतं ते मला माहीत नव्हतं. पण धुऱ्यावरचं, वावराच्या बांधावरचं पळसाचं झाड ओळखीचं वाटलं होतं. पळस सगळीकडे सारखाच दिसतो, हे नंतर लक्षात आलं.

त्याच वर्षीची ही गोष्ट. हंगाम चांगला झाला होता आणि मालक खुशीत होते. एक दिवस ते मशीनजवळ उभे राहून म्हणाले, "घरच्यांना बोलाव इथं. तिकिटं आपली. मागची पाहुण्यांची खोली रिकामीच असते. फक्त कोरड्या मोसमात बोलाव. पावसात रस्ता राहत नाही, गाडी अडकते." मला इतका आनंद झाला की मी हातातला पाना खाली ठेवायचं विसरलो आणि तसाच दोन्ही हात जोडले.

फोनवर सांगितलं तेव्हा घरात जो गोंधळ झाला तो मी इथे बसून ऐकला. येणार तिघी: माय, कुंदा आणि आमची पोरगी पिऊ, तेव्हा तिसरीत होती. पिऊनं लगेच विचारलं, शेर दिसतो का. कुंदानं विचारलं, तिकडे धुणं कुठं धुतात. माय म्हणाली, "कोरड्यातच येतो. बरंच हाय. उन्हायात कायचं काम राह्यते इथं? लगनं अन् पापड. यंदा पापड कुंदाच्या मायकडून आणू."

आणि त्यांनी खरंच तयारी मांडली. आमच्याकडे प्रवास म्हणजे उन्हाळ्यातच. वावर रिकामं, हात रिकामे, मग माणूस कुठं जायचं तर जातं. मृगाच्या आत परत येतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. कोरडे दिवस म्हणजे मोकळे दिवस, हे आमच्या हाडात आहे. घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी पासपोर्टचे फोटो काढले. फोटोवाला मायला म्हणाला, आजी, हसू नका. माय म्हणाली, "मी कवा हासलो बाप्पा?" आणि त्यावर ती आणि कुंदा अशा हसल्या की फोटो तीनदा काढावा लागला. हे मला पिऊनं सांगितलं. मी ते किती वेळा तिच्याकडून सांगवून घेतलं, सांगता येत नाही.

चूक माझ्याही लक्षात आली नव्हती, हे नवल. मी इथे राहतो, दर जूनला सायकलींची रांग पाहतो, तरी घरच्यांशी बोलताना माझं डोकं घाटंजीचंच व्हायचं. मायनं 'उन्हायात' म्हटलं आणि मी 'हो' म्हटलं. शेवटी कुंदानं महिना विचारला. मी म्हटलं, जून लागला की कधीही, जुलै, ऑगस्ट, सगळं कोरडंच असतं. तिनं फोन मायकडं दिला.

मग मायचा आवाज आला, हळू. "म्हंजे आपल्या निंदणात."

निंदण म्हणजे काय, हे इथल्या ऑफिसातल्या लोकांना समजावताना माझी जीभ अडखळली होती. पिकाच्या तासांत उगवलेलं तण बायांनी बसल्या बसल्या, खुरप्यानं, मुळासकट काढत जायचं. पाऊस पडला की तण पिकाच्या आधी वाढतं. आठ-दहा दिवस निंदण चुकलं की कापूस तणात हरवतो. आमच्या गावात निंदणाची एक टोळी मायच्या नावानं ओळखली जायची. कुणाच्या वावरात कधी जायचं, कोणत्या बाईला बाळंतपणानंतर सोपी ओळ द्यायची, हे ती ठरवायची. वर्षाची कमाई त्या दोन-अडीच महिन्यांत. म्होरकी निघून गेली तर टोळी फुटते, आणि एकदा फुटलेली टोळी पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईच्या मागं उभी राहते. कुंदाही तिच्याच ओळीत बसायची, आणि सासूला सोडून एकटी यायला ती तयार नव्हती. मालकांना मी एवढंच सांगितलं की घरी पावसाची कामं असतात. ते प्रेमळ माणूस, हसून म्हणाले, "अरे, छत्री घेऊन निघायला सांग."

तरी मायनं एक वाट काढली. टोबणी आणि पहिलं निंदण यांच्यात थोडी सवड असते. "तेवढ्यात येऊन जातो," ती म्हणाली. "तोंड पाहून जातो तुहं. शेर पाह्याले थांबत नाही." मालकांनी तारखेसाठी मुदत दिली. पाऊस कधी पडतो त्यावर सगळं ठरणार होतं.

मी खोली आवरायला घेतली. चुना मारला. दोन खाटा होत्या, तिसरी सुताराकडून करून घेतली. मच्छरदाण्या धुतल्या. मायला अंबाडीची भाजी लागते म्हणून कुंदानं पूर्वी सामानात घालून दिलेलं बी खोलीमागं पेरलं आणि आंघोळीचं पाणी तिकडे वळवलं. चारी बाजूंना धूळ आणि मध्ये हातभर हिरवं. ज्वारी इथे मिळते, पण लोक तिचं घट्ट पिठलं करून खातात. भाकर कुणाला माहीत नाही. मेसमध्ये स्वयंपाकाला नीमा नावाची बाई होती, अजूनही आहे. सगळे तिला मामा म्हणतात; इथल्या भाषेत मामा म्हणजे आई. तिला मी भाकर थापायला शिकवली. तिची भाकर उशीएवढी जाड व्हायची. मिस्त्री म्हणायचे, "ये रोटी नहीं, गद्दा है. माय आली की यावरच निजवू तिला."

जून संपत आला. तिकडे पाऊस नव्हता.

मृग कोरडा गेला. मी संध्याकाळी फोन करायचो. जय भीम झालं की पहिला प्रश्न एकच, "आला का?" कुंदा म्हणायची, "ढग येते अन् जाते. धूळपेरणी केली त्यायचं बी गेलं." आर्द्रा लागली, तीही तशीच. गावात बाया पारावर बसून असायच्या, खुरपी घासून ठेवलेली. माय म्हणाली, "अशानं निंदण कायचं अन् काय. रिकामीच बसून हाय मी. असंच राह्यलं तं येतोच आता तुह्याकडं. इथं बसून तरी काय करू? टोळीच्या बाया बी म्हणून राह्यल्या, जाय वं बुढे, पाहून ये पोराले."

फोन ठेवला आणि मी बाहेर आलो. आभाळ नेहमीसारखं स्वच्छ होतं, निळं, टोकापासून टोकापर्यंत रिकामं. आणि मला पहिल्यांदा उमगलं की मी 'आला का' विचारतो तेव्हा मला कोणतं उत्तर हवं आहे, ते मलाच सांगता येत नाही. पाऊस आला तर माय येत नाही. माय आली तर याचा अर्थ तिकडे वावरं उजाड. त्या वर्षांत वावर उजाड राहण्याचा काय अर्थ होता, ते मी टीव्हीवर पाहिलं होतं. तिचं तोंड पाहायचं तर तिची ओळ सुकली पाहिजे. असा हिशोब माणसापुढे कोण मांडतं कुणास ठाऊक.

मिस्त्रींना काही सांगावं लागायचं नाही. रोलरवर नजर ठेवूनच ते म्हणाले, "काय मागून राह्यला रे मनात?"

"काई नाही, मिस्त्री."

"मागू नको मंग. तुह्या मायवर सोड. थे तुह्यापेक्षा जास्त वेळा आभाळाकडे पाह्यलेली हाय."

त्या दिवसांत मी खोलीत जाऊन त्या खाटांवर आळीपाळीनं बसायचो. मायच्या खाटेवर, मग कुंदाच्या. पिऊच्या खाटेवर बसायला धजायचो नाही, ती नवी होती, करकरायची. बाहेर आलो की दुपारी माझी सावली दक्षिणेकडे पडलेली दिसायची. घरी त्या दिवसांत ती भर दुपारी पायाखालीच असते. सावलीनं सुद्धा इथे तोंड फिरवलेलं, असं काहीतरी वाटायचं. एकटेपणात माणूस कशाकशाला दोष लावतो.

मग एका संध्याकाळी फोनची घंटी वाजली. एकदाच. मी दुसऱ्या घंटीची वाट पाहिली. नाही वाजली. सगळं बरं आहे.

नंतर फोन लावला तर कुणी उचलेना. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. आधी पुन्हा पुन्हा लावत राहिलो, मग लक्षात आलं, की पाऊस आला असणार, घरात कुणी नसणार. सगळं गाव वावरात असणार. उशिरा आलेल्या पावसामागं माणसं धावतात तशी टोबणीला धावली असणार. सवड नावाची चीज राहिलीच नव्हती. टोबणी आणि निंदण एकमेकांच्या पाठीवर आले होते. मालकांची मुदत त्यातच संपली.

पुढं एका दुपारी मेसमधून फोन लावला तो लागला. कुंदानं उचलला, तिच्या मागं बायांचा कलकलाट होता.

"वावरात हाय," ती म्हणाली. "थांबा, मायकडं देतो. तिचे हात चिखलाचे हायेत, धुऱ्यावर ठेवतो फोन, तुमी बोला."

कुठली तरी बाई ओरडली, "कोण हाय वं? साहेब काय?"

"साहेब कायचा, मिस्त्रीच्या हाताखालचा हाय आपला."

"ए बाबू, काय खातं रे तिकडे? शेराची भाजी खातं का?"

"शेर त्याले खाईन, आंगावर मांस कुठी हाय त्याच्या?"

हसणं उसळलं. त्या हसण्याच्या खाली खुरप्यांचा आवाज होता, ओल्या मातीत रुतून निघणाऱ्या पात्यांचा, कुणाचा जोरात, कुणाचा हलका. मी आयुष्यभर जिनचा आवाज ऐकत आलोय, पात्याचा आवाज मला कळतो. त्यातलं मायचं खुरपं कोणतं ते मी ओळखलं असं मला वाटलं. खरं-खोटं देव जाणे, पण वाटलं.

"राजा," माय लांबूनच बोलली, फोनकडे तोंड न वळवता असावी. "येणं होत नाही यंदा."

"माहीत हाय मले."

"तण लय माजलं. पीक बी बरं उभं हाय पण. लय दिसांनी असं उभं हाय." मग तिनंच विचारलं, "तुह्या खोलीचं काय करशीन?"

"राहू देतो तशीच."

"खाट उभी करून ठेव भिताडाले. आडवी रिकामी ठेवू नाही."

मी म्हटलं, "बरं झालं पाऊस आला, माय." ते खरं होतं. मनापासून होतं.

फोन बंद झाला तेव्हा मामा नीमा चुलीपाशी उभी होती. तिनं विचारलं, आई कधी येणार. मला त्यांची भाषा तेव्हा तुटकी यायची. मी एवढंच म्हटलं, घरी पाऊस पडला. तिनं हातातला डाव खाली ठेवला. तिचं स्वतःचं कापसाचं शेत आहे. "पाऊस पडला," ती म्हणाली, "मग आई कशी येईल?" बस. ऑफिसात, मालकांना, मेसमधल्या कुणालाच जे कळलं नव्हतं, ते तिला दोन शब्दांत कळलं. त्या रात्रीच्या जेवणात अंबाडीची भाजी होती. मीच खुडून दिली होती. तिला ती आंबट लागली; तिनं तोंड वाकडं केलं आणि तरी सगळी खाल्ली.

खाटा मी भिंतीला उभ्या केल्या.

त्याला बरीच वर्षं झाली. मिस्त्री घाटंजीला परत गेले, आता नातवंडांत असतात. मला दोन वर्षांतून एकदा महिन्याची सुटी मिळते, ती इथल्या मोठ्या पावसात, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात. त्यामुळे मी माझं गाव वर्षानुवर्षं पिवळं आणि भेगाळलेलंच पाहत आलोय. निंदणातलं हिरवं गाव मला फक्त त्या एका फोनवर ऐकू आलं होतं.

आणि आता निंदणच उरलं नाही. तणनाशक आलं. पाठीवर पंप घेऊन एक माणूस दुपारपर्यंत वावर मारून मोकळा होतो. टोळीला कुणी बोलवत नाही. कुणी फोडली नाही ती, नुसती विरली. माय आता जून-जुलैत घरीच असते. ज्या सवडीसाठी मी तेव्हा इतका झुरलो, ती आता तिच्याकडे भरपूर आहे, आणि तिला ती नको आहे. "रिकाम्या हातानं कुठी जाऊ," म्हणते. "गुडघे बी दुखते." मालक अजूनही कधी कधी विचारतात. मी यंदाही पुढं ढकलायचंच ठरवलं होतं.

पण मधल्या काळात एक झालं. पिऊ आता यवतमाळला कॉलेजात आहे; तिच्या फोनवर चित्रासहित बोलता येतं. जानेवारीत, इथल्या पावसात, मामा नीमाच्या शेतात मी फोन धरून उभा राहिलो आणि मायला दाखवलं, बाया तण काढत होत्या. इथे अजून हातानंच काढतात. लांब दांड्याच्या कुदळीनं, उभ्या उभ्या.

माय फोनच्या इतकी जवळ आली की पडद्यावर नुसतं कपाळ राहिलं.

"उभ्यानं?" ती म्हणाली. "काहून उभ्यानं? मूळ कसं निघन उभ्यानं? वरचं वर कापून राह्यल्या त्या. चार दिसांत पुन्हा फुटन ते."

"इथं असंच करते, माय."

"बसायले सांग त्यायले."

"माहं ऐकत नाही त्या."

ती मागं सरकली तेव्हा तिचा चेहरा दिसला. बऱ्याच दिवसांनी तसा दिसला, वावरात उतरताना असायचा तसा. "कोरड्यात नाही येत मी," ती म्हणाली. "कोरड्यात काय पाहू? धूळ आपल्याकडं बी हाय. निंदणाले येतो. अन् तिकडं इचारून ठेव, खुरपं नेऊ देते का इमानात."

मी विचारलं. हातात नेता येत नाही, सामानात चालतं.

तिचे गुडघे, मालकांचा पावसातला रस्ता, पासपोर्टची सरून गेलेली मुदत, हे सगळं अजून तसंच आहे, आणि माझी धास्तीही. ती येईल की नाही, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण आज सुटीच्या दिवशी मी त्या पाहुण्यांच्या खोलीच्या छपरावर चढलो होतो. चुना नाही मारला यंदा. पत्र्यांचे खिळे एकेक ठोकून पाहिले, फटींत डांबर भरलं, वळचणीची पन्हळ सरळ केली. खाली मामा नीमा कमरेवर हात ठेवून उभी होती. वर आभाळात नावाला ढग नव्हता, आणि फाटकाबाहेर कापसाच्या सायकली धुळीत उभ्या होत्या. तिनं हसत विचारलं, एवढ्या कोरड्यात छप्पर कोण दुरुस्त करतं.

मी वरूनच सांगितलं, माझी आई पावसात येणार आहे.

ती हसायची थांबली, आणि शिडी धरून उभी राहिली.